पूजेतलं एक्कावन्नावं कार्ड

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे चेअरमन, आदरणीय अमरसिंहराव साहेब. पुण्याहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, श्रीयुत दिवेकर साहेब. ज्यांना आज आपण निरोप देत आहोत त्या आपल्या इंजिनियर रुद्राणी मॅडम. त्यांचे वडील, सिरसाळ्याचे किराणा व्यापारी सिद्धाराम आप्पा. जोडणी विभागाच्या वनमालाबाई आणि त्यांच्या चाळीस भगिनी. आणि खुर्ची न मिळाल्यामुळं मागं भिंतीला टेकून उभे असलेले सगळे. सर्वांना तात्याबाचा नमस्कार.

मागं ऐकू येतंय ना? माइक जवळ घेतला की शिट्टी वाजते, लांब धरला की आवाज पोचत नाही. मी आहे तसाच बोलतो.

मला भाषणाची सवय नाही. माझं शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. मग अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली, शाळा बंद पडली, ती माझ्यापुरती परत उघडलीच नाही. मराठी मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो आणि इंग्रजी अक्षरं रेडिओच्या व्हॉल्व्हवरून. बीडच्या बशीरगंजात तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. मग बाजारात इतके नवे आणि स्वस्त सेट आले की जुना सेट कोणी दुरुस्तच करेना. अशा वेळी अमरसिंहराव साहेबांनी मला इथं बोलावलं. वय उलटून गेलेल्या माणसाला कोण ठेवून घेतं? साहेबांनी ठेवलं. त्यांचे उपकार मी या ठिकाणी सर्वांसमोर मान्य करतो. पुढं मी जे काही बोलेन ते ऐकताना, तात्या उपकार विसरला, असं कृपा करून कोणी म्हणू नये.

सगळ्यांत जुना माणूस म्हणून चार शब्द बोला आणि पाच मिनिटांत बसा, असा हुकूम आहे. माझ्यानंतर शाल आणि श्रीफळ. त्यानंतर मॅडम स्वतःच्या हातानं एक पत्र दिवेकर साहेबांना देणार. मग चहा. पत्रात काय आहे ते इथं बहुतेकांना ठाऊक आहे. आपण काढलेल्या कार्डाच्या आराखड्यातच दोष होता आणि तो आपल्याला मान्य आहे, असं मॅडमनी लिहून दिलेलं आहे. पत्रिकेवर मात्र 'स्वेच्छेने' असं छापलंय. छान छापलंय. कागदही जाड आहे.

आधी मॅडमची तारीफ करतो. तो माझा हक्क आहे, कारण दोन वर्षं त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं.

आपण कारखान्यात काय बनवतो हे बाहेरून आलेल्या पाव्हण्यांना कळावं म्हणून सांगतो. पुण्यात दिवेकर साहेबांची एक इमारत आहे. तिथं बारा कंपन्यांचे कॉम्प्युटर एकाच गार हॉलमध्ये ठेवलेले असतात. त्याला डेटा सेंटर म्हणतात. प्रत्येकानं वेगळा हॉल, वेगळा गारवा, वेगळा जनरेटर करायचा त्यापेक्षा एकाच छपराखाली सगळ्यांनी जागा घ्यायची. पण बारा जणांचा माल एकाच वाटेनं येणार-जाणार म्हटल्यावर याचं त्याच्याकडं जाऊ नये, ही पहिली काळजी. कॉम्प्युटरला जिथं तार जोडतात तिथं आतून एक तळहाताएवढं कार्ड असतं. आलेली प्रत्येक गोष्ट आधी त्या कार्डापाशी येते. बाजारातली कार्डं सगळं आत घेतात आणि निवडानिवड मशीनवर सोडून देतात. मॅडमचं म्हणणं असं, की निवड दारातच झाली पाहिजे. मशीन कोणी बिघडवलं तरी कार्डानं दुसऱ्याचा माल उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही.

हे त्यांना कुठून सुचलं, माहीत आहे? आल्या त्याच आठवड्यात माझ्यापाशी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तात्या, आमच्या सिरसाळ्याला सगळ्या व्यापाऱ्यांची पोती एकाच ट्रकात यायची. पोत्याचं तोंड शिवायला ज्याचा त्याचा सुताचा रंग वेगळा. हमालाला वाचता यायचं न्हाई. लाल सूत दिसलं की आप्पांच्या दुकानात टाकायचा, हिरवं दिसलं की पलीकडं. पोतं उघडून बघायची गरजच न्हाई. मला ह्या कार्डाला सूत वळखाया शिकवायचंय."

मी म्हणालो, "मॅडम, हमालाला डोळे हायेत. कार्डाला कुठले?"

तर म्हणाल्या, "तेच तर करायचंय. त्याचाच पगार घेते मी."

आणि केलं. सव्वा वर्षात त्यांनी कार्डाला डोळे दिले. प्रत्येक कार्डाला स्वतःचा एक बारा अक्षरांचा नंबर असतो. जगात दुसऱ्या कुठल्याही कार्डाला तो नसतो, नसला पाहिजे. हॉलमधल्या मुख्य पेटीत लिहून ठेवलेलं असतं की या नंबराला हा रंग. कार्ड चालू झालं की आपला नंबर सांगतं, आपला रंग मागून घेतं आणि पुढं त्याच रंगाचा माल आत सोडतं. आप्पा, तुमच्या दुकानातलं सूत पुण्यापर्यंत गेलं होतं. तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगतोय. मान खाली घालू नका.

कार्डावर आठ पायांची एक बारकी चिप असते. तो बारा अक्षरांचा नंबर तिच्यात भरायचं काम माझ्याकडं. अक्षरं दोनदा वाचायची, एकदा भरायची, वहीत टिक करायची आणि त्याच नंबराची चिठ्ठी कार्डावर चिकटवायची. मॅडम म्हणायच्या, "तात्याचा हात हाय, मला बघायची गरज न्हाई."

हे वाक्य गेले अकरा दिवस मला झोपू देत नाही.

थोडं पाणी घेतो.

पुण्याला पहिली पन्नास कार्डं पाठवायची होती. बारा अक्षरांचे पन्नास नंबर ठरलेले, शेवटच्या अक्षरांवरून आम्ही त्यांना एक ते पन्नास म्हणायचो. टेम्पो आला तो नेमका खंडेनवमीला. आता खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. आपण पाट मांडला, सोल्डरिंगच्या इस्त्र्या, पकडी, मीटर सगळं मांडलं, झेंडू वाहिला. वनमालाबाई आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, पहिलाच माल जातोय, एक कार्डपण पूजेत पाहिजे. रास्त म्हणाल्या. पण पूजेत मांडलेली वस्तू दसरा उजाडेपर्यंत उचलत नाहीत. पन्नासातलं एक मांडलं तर टेम्पो एकोणपन्नास घेऊन जाणार. म्हणून त्याच दिवशी मी उरलेल्या सामानातून एक्कावन्नावं कार्ड जोडलं. खास पूजेसाठी. आता नंबर नसलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड. मेलेली वस्तू देवापुढं कशी ठेवायची? नंबर तर पन्नासच मिळालेले. मी विचार केला, हे कधी कारखान्याबाहेर जाणार नाही. आणि एक नंबरासारखा शुभ नंबर नाही. म्हणून पहिल्या कार्डाचा नंबर मी त्याच्यातही भरला.

मॅडम, तुम्ही उठू नका. बसा. माझं पुरतं होऊ द्या, नाहीतर मला परत सुरू करता येणार नाही.

टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता. त्याला जेवायला आष्टी गाठायची होती. मी शेवटची कार्डं पुसून डब्यात ठेवत होतो. सदतीस नंबरचं हातातून सटकलं, टेबलाच्या लोखंडी कडेवर पडलं. कोपऱ्यापासून मधोमध तडा. बाहेरून वनमालाबाईंचा आवाज, "तात्या, भरली का पन्नास?"

मी म्हणालो, "एक ऱ्हायलंय."

"एका कार्डाला किती येळ लावताय? बाळंतपण हाय का काय?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसलो. त्या हसण्यातच मी पाटाकडं गेलो. पूजेतलं कार्ड उचललं. कुंकू रुमालानं पुसलं. फुटक्या कार्डावरची सदतीसची चिठ्ठी अलगद काढून याच्यावर चिकटवली, आणि ते डब्यात घातलं. फुटकं कार्ड पाटावर ठेवून त्याच्यावर झेंडू सरकवला. तडा दिसू नये म्हणून दोन फुलं ठेवली. आत एक नंबर आणि वर सदतीस, हे त्या क्षणी डोक्यात नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं. वाटलं, हॉलात इतकी मशीनं, हे कुठं आणि ते कुठं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला नंबराची भीती वाटलीच नाही. पूजेतली वस्तू उचलली, याची वाटली. चूक माझ्या समजुतीप्रमाणं देवाची झाली होती. ती मी देवाजवळ कबूल केली आणि नारळ फोडून मोकळा झालो. कारखान्याजवळ कबूल करायचं राहिलं.

महिनाभरात पुण्याहून तक्रार आली. बियाण्याच्या कंपनीची कागदपत्रं औषधाच्या कंपनीच्या मशीनवर निघाली. कधी निघायची, कधी नाही. कार्ड रंग ओळखत नाही, आराखडा गळका आहे, असा निकाल झाला. इमारतीत बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही, मॅडमना त्या मशीनला हातही लावता आला नाही. इथं बनवलेल्या कार्डांवर त्यांनी पन्नास वेळा तपासलं. इथं दोष कुठून येणार? दोष तर मी पुण्याला पाठवून दिला होता. रोज त्या फळ्यावर स्वतःचाच आराखडा काढायच्या आणि त्याच्यावर लाल खडूनं काट मारायच्या. मला विचारायच्या, "तात्या, मला दिसत कावून न्हाई?"

अकरा दिवसांपूर्वी पुण्याहून फॅक्स आला. तक्रार ज्या दोन मशीनची, त्यांतल्या कार्डांवरच्या चिठ्ठ्यांचे नंबर. मॅडमनी वाचून दाखवला. एक आणि सदतीस. त्या म्हणाल्या, "नंबर तर येगळे हायेत, मग माझंच चुकलं." आणि कागद खाली ठेवला. मला मात्र कळलं, दोन्ही कार्डांच्या आत एकच नंबर, म्हणून मुख्य पेटीनं दोघांना एकच रंग दिला. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा सांगू का?"

त्याच दिवशी त्यांनी ते पत्र लिहिलं. मला म्हणाल्या, "आता आप्पांच्या दुकानात बसते तात्या. गुळाची ढेप तरी कुणाची कुणाकडं जात न्हाई." हसून म्हणाल्या. ते पत्र एकदा दिवेकर साहेबांच्या हातात पडलं की या कामात त्यांना कोणी उभं करणार नाही. आणि कोणी केलं तरी त्या उभ्या राहणार नाहीत, कारण आपल्याला हे येत नाही असं त्यांनी स्वतःच मनात धरलंय. मुद्दा हा आहे.

ही चिठ्ठी काय आहे? माझ्यासाठी आहे होय? थांबा, चष्मा. "तात्या, आटपा. सत्कार बाकी आहे." हो साहेब. आटपतोच. एवढं उघडलंय ते अर्धवट ठेवून खाली बसलो तर मला बसता यायचं नाही.

घरी छबुबाईनं, म्हणजे माझ्या कुटुंबानं, ताट दोनदा उचलून ठेवलं. म्हणाली, "रेडिओ बोलंना झाला की उघडून बघता. तुमाला आता कुणी उघडावं?" तिला काही सांगितलं नाही. काल संध्याकाळी उठलो आणि थेट चेअरमन साहेबांच्या वाड्यावर गेलो. साहेब माफ करतील, पण मी गेलो होतो हे लपवलं तर माझी कबुली अर्धीच होईल. मी सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तात्या, बाईचं चुकलं म्हणलं तर एक बाई जाती. आपलं चुकलं म्हणलं तर पुण्यावाले काय म्हणतील? बीडवाले पूजेचा माल पाठवतात. उद्या एक कार्ड घेनार न्हाईत. चाळीस बाया घरी बसतील. तुमी बसवा त्यांना घरी." आणि जाताना म्हणाले, "उद्या भाषण तुमीच करा. जुने हायेत तुमी. चांगलं बोला."

साहेबांनी वाईट हेतूनं सांगितलं असं मी मानत नाही. चाळीस घरांचं त्यांना बघावं लागतं, मला एकाचंही बघणं जमलं नाही. रात्रभर मी एवढंच करत होतो की एका बाजूला मॅडमना धरायचं आणि दुसऱ्या बाजूला वनमालाबाईंच्या चाळीसजणींना. बोललो तर यांचा गुन्हेगार, न बोललो तर त्यांचा. घरातली कडी उघडी होती, पण मला बाहेर पडायला जागा दिसत नव्हती. इथं उभं राहीपर्यंत दिसत नव्हती. भाषण म्हणून मी कागदावर निराळंच लिहून आणलंय. त्यात फूल आहे, सुगंध आहे, उंच भरारी आहे. तो कागद खिशातच आहे.

पण मघाशी सुताचं सांगत होतो, तेव्हा ते मला दिसलं. वनमालाबाई, आपण कार्डं बनवतो कशाची? मॅडमच्या आराखड्याची. तो आराखडाच खोटा म्हणून यांच्या सहीनं पुण्याला गेला, तर उद्यापासून तुम्ही चाळीसजणी काय जोडणार? गळकं म्हणून लिहून दिलेलं कार्ड दुसरा कोण घेईल? आराखडा खरा आणि म्हातारा खोटा, असं निघालं तर म्हातारा बदलता येतो. नंबर भरायच्या मशीनवर माझ्या जागी तुमच्यातली कोणीही बसेल, आठ दिवसांत शिकेल. साहेब, तुमचा हिशेब मी मोडत नाही. तो मला उलटा मांडलेला वाटतो, एवढंच नम्रपणे सुचवतो.

वनमालाबाई काहीतरी म्हणतायत. काय? मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू द्या.

"बाळंतपण म्हणले होते मी. मला काय ठावं तुमी काय जन्माला घालताय!"

हसा. तुमचा यात काही दोष नाही बाई. घाई तुम्ही केली, हात माझा होता.

आता दिवेकर साहेब, तुम्हाला एक विनंती. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. मी अकरा दिवस गप्प बसलेला माणूस आहे. औषधाच्या कंपनीच्या मशीनमध्ये जे कार्ड आहे, त्याच्या चिठ्ठीवर सदतीस लिहिलंय. चिठ्ठी बघू नका. मशीनलाच त्याच्या कार्डाचा आतला नंबर विचारायला सांगा. पुण्यात कोणालाही एका मिनिटात विचारता येतं, मॅडमनी मला शिकवलंय. त्या नंबराच्या शेवटी सदतीस निघालं तर मी खोटारडा, भ्रमिष्ट, आणि पत्र खुशाल घेऊन जा. शेवटी एक निघालं तर ते पूजेतलं कार्ड. खरं सदतीस कारखान्यात, पाट मांडला होता तिथल्या वरच्या फळीवर आहे. फुटलेलं आहे, पण चिप शाबूत आहे. दसऱ्याला पाट उचलताना मीच ते तिथं ठेवलं, त्यानंतर त्याला हात लावलेला नाही.

दिवेकर साहेब, उठलात? एसटीडीचा बूथ दारातून बाहेर पडलं की उजव्या हाताला, झेरॉक्सच्या दुकानाला लागून आहे. लाइन लवकर मिळत नाही, दोन-तीनदा फिरवावं लागेल. मॅडम, तुम्ही जाताय बरोबर? जा. काय विचारायचं ते तुम्हालाच नीट सांगता येईल. ते पत्र इथं टेबलावर राहू द्या. आप्पा, त्याच्यावर तांब्या ठेवा, पंख्यानं उडेल.

अध्यक्ष महाराज, मी समारोप करतो. आपण मला बोलायची संधी दिली, मध्येच माइक काढून घेतला नाही, याबद्दल आपले मनापासून आभार. चिठ्ठी पाठवलीत, माणूस पाठवला नाहीत, तेही मी लक्षात ठेवीन. शाल तेवढी घडीतच राहू द्या, ती कशासाठी पांघरायची ते अजून ठरायचंय. आप्पांचे आभार, की त्यांनी मुलीला दुकानात न बसवता शिकवलं. भगिनींनो, तुमचेही आभार. उद्या तुम्ही माझ्याशी बोलाल की नाही मला माहीत नाही. ज्यांना चहाची घाई आहे त्यांचीही माफी मागतो.

भाषणाच्या शेवटी, बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. बोलण्यातलं जे कमीजास्त झालं ते पोटात घाला. कार्डाचं मात्र पोटात घालू नका, ते पूर्ण तपासून घ्या. मी पोटात ठेवून बघितलंय.

माझी खुर्ची मागं आहे, मला दिसतेय. फोन लागेपर्यंत मी इथंच उभा राहतो.